इंडेक्स : साहाय्य की भार? डेटाबेसमधील शोधमार्गाच्या निवडीचा ऐतिहासिक आढावा (१९५६ ते २०१९)

प्रस्तावना

महाराष्ट्रात घर किंवा जमीन खरेदी करणाऱ्या बहुतेकांना 'इंडेक्स टू' अर्थात सूची क्रमांक २ हा शब्द परिचयाचा असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ नुसार नोंदणी कार्यालयात दस्तांच्या वेगवेगळ्या सूची ठेवल्या जातात. त्यांपैकी पहिली सूची दस्त करून देणाऱ्या व घेणाऱ्या व्यक्तींच्या नावांची, तर दुसरी मिळकतीच्या तपशिलाची असते. दस्त एकच असला तरी तो नावावरूनही सापडतो आणि मिळकतीवरूनही सापडतो. दस्तांची सर्व पुस्तके पहिल्या पानापासून चाळण्याची गरज पडत नाही.

या सोयीची दुसरी बाजू मात्र शोध घेणाऱ्याच्या नजरेस येत नाही. प्रत्येक दस्ताची नोंद झाल्यावर कारकुनाला दोन्ही सूचींमध्येही नोंद करावी लागते. तिसरी सूची ठेवावयाची ठरल्यास त्याच्या कामात तिसऱ्या नोंदीची भर पडते. शोधणाऱ्याचा वेळ वाचतो तो नोंद करणाऱ्याच्या वेळेतून. जी सूची वर्षातून एकदाच पाहिली जाते, परंतु जिच्यात दररोज शेकडो नोंदी कराव्या लागतात, ती ठेवावी की ठेवू नये, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

संगणकीय डेटाबेसमधील इंडेक्सचा प्रश्न मूलतः हाच आहे. इंडेक्स म्हणजे तक्त्यातील एखाद्या स्तंभाच्या मूल्यांची क्रमवार लावलेली सूची होय. मूल्य कोणत्या नोंदीत आहे आणि ती नोंद डिस्कवर कोठे आहे, हे तिच्यावरून कळते. अभ्यासक्रमात व व्यवहारात 'क्वेरी मंद असेल तर इंडेक्स तयार करावा' असा सोपा नियम सांगितला जातो. हा नियम पुष्कळदा खरा ठरतो, तर काही वेळा नेमका उलटा परिणाम घडवून आणतो. इंडेक्स केव्हा उपकारक व केव्हा अपकारक हे ठरविण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून चालू आहेत. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) डेटाबेसमधील इंडेक्सच्या संकल्पनेचा उगम व विकास अभ्यासणे.
२) इंडेक्स वापरण्याचा निर्णय कोणत्या काळात कोणाच्या हाती होता हे तपासणे.
३) इंडेक्समुळे क्वेरीचा वेग वाढण्याची व घटण्याची कारणे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संगणकशास्त्रातील प्रकाशित शोधनिबंध हे त्याचे प्रमुख साधन आहे. गणिती मुद्दा स्पष्ट करण्यासाठी योजलेले विद्यापीठाचे उदाहरण कल्पित आहे.

१. डिस्कचे आगमन आणि वाट शोधणारा प्रोग्रॅमर

चुंबकीय फितीवर माहिती साठविण्याच्या काळात इंडेक्सला फारसा अर्थ नव्हता. फितीच्या शेवटी असलेली नोंद वाचण्यासाठी आधीची संपूर्ण फीत पुढे सरकवावी लागे. नोंद कोठे आहे हे ठाऊक असूनही तेथे एकदम पोहोचता येत नसे. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक ही यंत्रणा बाजारात आणली. तिच्यातील डिस्क-साठ्यात ५० चकत्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. वाचणारा दांडा हव्या त्या चकतीच्या हव्या त्या भागावर नेता येऊ लागला आणि नोंदीचा पत्ता ठाऊक असण्याला प्रथमच मोल आले.

१९६० च्या दशकात आयबीएमने आयसॅम ही इंडेक्सयुक्त फाइलपद्धती प्रचारात आणली. फाइल तयार करताना नोंदी क्रमाने लावून त्यांचा इंडेक्स बांधला जाई. नंतर येणाऱ्या नोंदींना मूळ जागेत स्थान न उरल्यास त्या वेगळ्या राखीव जागेत ठेवून साखळीने जोडल्या जात. जसजशा नोंदी वाढत तसतशी ही साखळी लांबत जाई व शोध मंदावे. मग ठरावीक काळाने संपूर्ण फाइलची पुनर्रचना करणे भाग पडे. पहिल्या दिवशी उपयुक्त असणारा इंडेक्स काही काळाने तसाच राहील याची खात्री नसते, ही गोष्ट आयसॅमच्या अनुभवातून प्रथम ध्यानात आली.

याच सुमारास चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयडीएस ही, तर आयबीएमने अपोलो चांद्रमोहिमेच्या निमित्ताने आयएमएस ही डेटाबेस प्रणाली विकसित केली. या प्रणालींमध्ये एका नोंदीकडून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याचे मार्ग आधीच आखलेले असत. त्यांपैकी कोणत्या मार्गाने जावयाचे हे प्रोग्रॅमरने आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावयाचे असे. बाखमन यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली. ती त्या काळाचे यथार्थ वर्णन करते. इंडेक्स वापरावा की नाही हा निर्णय माणसाचा होता आणि तो प्रोग्रॅमच्या ओळींत कायमचा कोरला जात होता. इंडेक्स काढून टाकल्यास त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बंद पडत.

२. सन १९७० : दोन स्वतंत्र विचार

डेटाबेसच्या इतिहासात १९७० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी जून महिन्यात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांचा रिलेशनल प्रारूपावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या सैद्धांतिक मांडणीची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्याच निबंधात इंडेक्सविषयीचा एक छोटा परिच्छेद आहे, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. माहितीच्या दृष्टीने इंडेक्स ही अतिरिक्त गोष्ट आहे, ती केवळ वेगासाठी असते, असे कॉड यांनी तेथे म्हटले आहे. इंडेक्समुळे विचारणेला उत्तर लवकर मिळते, परंतु नवी नोंद घालणे व जुनी काढणे मंदावते, हेही त्यांनी नमूद केले. म्हणून इंडेक्स आले आणि गेले तरी प्रोग्रॅम न बदलता चालू राहतील का, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. कॉड यांच्या दृष्टीने इंडेक्स हा प्रोग्रॅमरच्या दृष्टीआड असावयास हवा होता.

दुसरा विचार सिएटल येथील बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत आकारास आला. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बी-ट्री ही रचना १९७० मध्ये मांडली आणि त्यांचा निबंध १९७२ मध्ये 'अ‍ॅक्टा इन्फर्मेटिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बी-ट्रीमध्ये इंडेक्सचे प्रत्येक पान किमान अर्धे भरलेले असते आणि उरलेली जागा पुढील नोंदींसाठी मोकळी राहते. पान भरले की त्याचे दोन भाग होतात. वृक्षाची सर्व टोके सदैव समान खोलीवर राहतात. त्यामुळे आयसॅमप्रमाणे साखळी लांबण्याचा दोष उरत नाही. आयबीएम ३६०/४४ या संगणकावर १५,००० मूल्यांच्या इंडेक्समध्ये सेकंदाला सरासरी ९ व्यवहार करता आले आणि १,००,००० मूल्यांच्या इंडेक्समध्ये किमान ४, असे लेखकद्वयाने नोंदविले आहे. पुढे १९७९ मध्ये डग्लस कोमर यांनी या रचनेचा आढावा घेतला, तेव्हा तिच्या सर्वव्यापित्वाचा उल्लेख त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच केला.

या दोन विचारांमुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले. बी-ट्रीने इंडेक्स टिकाऊ केला आणि कॉड यांनी तो वापरण्याचा निर्णय प्रोग्रॅमरकडून काढून घेण्याची मागणी केली. मात्र तो निर्णय यंत्राने कशाच्या आधारे घ्यावा, हे अजून ठरावयाचे होते.

३. सिस्टिम आर : निर्णय यंत्राकडे

आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत १९७४ पासून सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प चालू झाला. या प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सादर केलेला निबंध प्रस्तुत विषयाच्या इतिहासात केंद्रस्थानी आहे. क्वेरी आल्यावर ती पूर्ण करण्याचे संभाव्य मार्ग मांडावेत, प्रत्येकाचा अंदाजे खर्च काढावा आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडावा, अशी ही पद्धत होती. खर्च म्हणजे डिस्कवरून वाचावयाची पाने आणि त्यांत प्रक्रियेच्या श्रमाची ठरावीक भाराने घातलेली भर. हे काम करणाऱ्या घटकास ऑप्टिमायझर असे म्हणतात.

या हिशेबाचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे १,००,००० विद्यार्थ्यांच्या नोंदी असून डिस्कच्या एका पानावर ५० नोंदी मावतात असे मानू. म्हणजे संपूर्ण तक्ता २,००० पानांचा झाला. आसनक्रमांकावरून एका विद्यार्थ्याची नोंद हवी असल्यास इंडेक्सच्या एका पानावर १०० मूल्ये मावतात असे धरून वृक्षाच्या तीन पातळ्या पुरतात. तीन पाने इंडेक्सची व एक पान तक्त्याचे, अशी चार पाने वाचून काम होते. इंडेक्स नसल्यास २,००० पानांपर्यंत वाचन करावे लागले असते. येथे इंडेक्सचा लाभ निर्विवाद आहे.

आता एखाद्या जिल्ह्यातील सर्व विद्यार्थ्यांची यादी हवी आहे आणि ते एकूण संख्येच्या १० टक्के, म्हणजे १०,००० आहेत असे समजू. या नोंदी तक्त्यात विखुरलेल्या असतील तर इंडेक्सवरून एकेक पत्ता घेऊन जाताना प्रत्येक नोंदीसाठी वेगळे पान वाचण्याची पाळी येऊ शकते. हा खर्च १०,००० पानांपर्यंत जातो, कारण तेच पान पुन्हा पुन्हा आणावे लागते. इंडेक्सकडे न पाहता संपूर्ण तक्ता सरळ वाचला तर २,००० पानांत काम संपते. इंडेक्स वापरल्यामुळे काम पाचपट वाढले. मात्र तक्त्यातील नोंदी मुळातच जिल्ह्यांनुसार लावलेल्या असतील, तर १०,००० नोंदी सुमारे २०० पानांतच सापडतात आणि इंडेक्स पुन्हा लाभदायक ठरतो. अशा इंडेक्सला क्लस्टर्ड इंडेक्स म्हणतात. सेलिंजर यांच्या निबंधात या दोन प्रकारांसाठी दोन स्वतंत्र सूत्रे दिलेली आहेत. पहिल्यात नोंदींची संख्या मोजली जाते, दुसऱ्यात पानांची. एकाच इंडेक्सचे मूल्य एका क्वेरीत मोठे तर दुसऱ्या क्वेरीत उणे का ठरते, याचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

हा हिशेब करण्यासाठी किती टक्के नोंदी निवडल्या जाणार याचा आगाऊ अंदाज हवा. त्याला निवडकता असे म्हणता येईल. सिस्टिम आरमध्ये स्तंभावर इंडेक्स असल्यास त्यातील वेगळ्या मूल्यांच्या संख्येवरून हा अंदाज काढला जाई. ती माहिती नसल्यास समानतेच्या अटीसाठी एक दशांश, दोन मूल्यांमधील व्याप्तीसाठी एक चतुर्थांश, असे ठोकताळे वापरले जात. अंदाजासाठी लागणारी सांख्यिकी प्रत्येक नव्या नोंदीबरोबर अद्ययावत केली जात नसे. तसे केल्यास प्रत्येक व्यवहार सांख्यिकीच्या तक्त्याजवळ रांगेत अडकला असता, हे कारण निबंधातच दिलेले आहे. म्हणून सांख्यिकी ताजी करण्याची वेगळी आज्ञा ठेवून ती अधूनमधून चालविण्याचे काम माणसावर सोपविण्यात आले. निर्णय यंत्राकडे गेला, तरी त्या निर्णयाला लागणाऱ्या माहितीची निगा माणसाकडेच राहिली.

४. हॅलोविनची समस्या

इंडेक्सची हानी केवळ वेगापुरती मर्यादित असते असा समज सिस्टिम आरच्या काळातच खोटा ठरला. २५,००० डॉलरपेक्षा कमी वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांना १० टक्के वाढ देण्याची आज्ञा तेथे चालविण्यात आली. ऑप्टिमायझरने वेतनावरील इंडेक्स निवडला. वाढ मिळालेला कर्मचारी नव्या वेतनानुसार इंडेक्समध्ये पुढे सरके आणि शोध पुढे जाताना पुन्हा त्याच्यापाशी येई. परिणामी त्याला पुन्हा वाढ मिळे. आज्ञा संपली तेव्हा त्या सर्वांचे वेतन किमान २५,००० डॉलर झाले होते. हा प्रकार हॅलोविन सणाच्या सुमारास ध्यानात आल्याने त्याला तेच नाव पडले. ज्या स्तंभावरून शोध चालू आहे तोच स्तंभ बदलला जात असताना इंडेक्सवर विसंबणे धोक्याचे असते, हा धडा त्यातून मिळाला. पुढील प्रणालींनी बदलावयाच्या नोंदींची यादी आधी करून मग बदल करण्यासारखे उपाय योजले. ही सुरक्षितता मिळविण्यासाठीही काही वेळ खर्च करावा लागतोच.

५. कोणते इंडेक्स असावेत? निवडीचा प्रश्न

असलेल्या इंडेक्सपैकी कोणता वापरावा हे ऑप्टिमायझर ठरवू लागला. परंतु मुळात कोणते इंडेक्स तयार करावेत हा त्याआधीचा प्रश्न शिल्लक होता. बर्कले येथील विद्यापीठात इन्ग्रेस प्रणाली घडविणारे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९७४ मध्ये या प्रश्नाची गणिती मांडणी केली होती. १९७८ मध्ये कोमर यांनी सर्वोत्तम इंडेक्ससंच शोधणे हा प्रश्न गणनदृष्ट्या अतिकठीण वर्गात मोडतो असे सिद्ध केले. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. २० संभाव्य इंडेक्सपैकी कोणते ठेवावेत व कोणते वगळावेत याचे १०,४८,५७६ पर्याय होतात. शिवाय एक इंडेक्स तयार झाला की दुसऱ्याचे मूल्य बदलते, त्यामुळे प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करून भागत नाही.

१९८८ मध्ये आयबीएमशी संबंधित फिंकेलस्टाइन, श्कोलनिक व तिबेरिओ यांनी याविषयीचे एक साधन मांडले. त्यांच्या पद्धतीत खर्चाचा अंदाज प्रत्यक्ष ऑप्टिमायझरकडूनच घेतला जाई. जो इंडेक्स ऑप्टिमायझर वापरणारच नाही तो सुचविण्यात अर्थ नाही, हा त्यामागील विचार साधा परंतु महत्त्वाचा होता. त्याच दिशेने मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात सुरजित चौधुरी व विवेक नरसय्या यांनी १९९७ मध्ये इंडेक्स सुचविणारे साधन सादर केले. इंडेक्स प्रत्यक्ष न बांधता 'तो असता तर' असे मानून ऑप्टिमायझरला खर्च विचारण्याची सोय त्यांनी केली. प्रशासकाला रात्रभर खपून इंडेक्स बांधून पाहण्याची आणि नंतर काढून टाकण्याची गरज त्यामुळे कमी झाली. मात्र या साधनाला कामाचा नमुना, म्हणजे नेहमी येणाऱ्या क्वेरींची यादी, द्यावी लागे. सोमवारची यादी दिली आणि महिनाअखेरीचे काम तिच्यात नसले, तर सल्लाही अपुराच राहणार.

६. लेखनाचा भार

तक्त्यावर पाच इंडेक्स असतील तर एक नवी नोंद सहा ठिकाणी करावी लागते. वाचन विपुल व लेखन क्वचित अशा ग्रंथालयासारख्या व्यवस्थेत हा भार जाणवत नाही. याउलट बँकेच्या व्यवहारांच्या नोंदवहीसारख्या तक्त्यात नोंदी अखंड येत राहतात आणि जुन्या नोंदी क्वचितच पाहिल्या जातात. पॅट्रिक ओनील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमक्या या स्थितीचा विचार केला. अशा तक्त्यावर तत्काळ अद्ययावत होणारा बी-ट्री ठेवल्यास व्यवहाराचा डिस्कवरील वाचन-लेखनाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो आणि संपूर्ण यंत्रणेचा खर्च ५० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे त्यांनी दाखविले. त्यांनी सुचविलेल्या एलएसएम-ट्री या रचनेत नव्या नोंदी आधी स्मृतीत गोळा केल्या जातात आणि नंतर एकगठ्ठा डिस्कवरील इंडेक्समध्ये मिसळल्या जातात. लेखन स्वस्त होते. परंतु शोधताना एकाहून अधिक ठिकाणी पाहावे लागते. बी-ट्रीचा निबंध ज्या नियतकालिकात आला होता त्याच 'अ‍ॅक्टा इन्फर्मेटिका'त हा निबंधही प्रसिद्ध झाला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. २००६ मध्ये गूगलने वर्णन केलेल्या बिगटेबल प्रणालीत व त्यानंतरच्या अनेक प्रणालींत हीच कल्पना आढळते.

मोजकीच वेगळी मूल्ये असणाऱ्या स्तंभांसाठी बिटमॅप इंडेक्सचा वापरही याच काळात वाढला. प्रत्येक मूल्यासाठी शून्य व एक यांची एक लांब ओळ ठेवली जाते. अशा दोन ओळी एकमेकींशी ताडून 'अमुक जिल्हा आणि तमुक शाखा' अशी जोडअट झटपट सोडविता येते. विश्लेषणासाठी राखलेल्या तक्त्यांवर ही रचना प्रभावी ठरते; परंतु अनेक वापरकर्ते एकाच वेळी नोंदी बदलत असतील तर तीच रचना परस्परांचा खोळंबा करते.

या सर्व अनुभवांचे सार २०१६ मध्ये अथानासूलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अनुमानाच्या रूपात मांडले. वाचनाचा खर्च, बदलाचा खर्च आणि जागेचा खर्च या तिहींपैकी दोन कमी करावयास जावे तर तिसरा वाढतो, असे ते अनुमान आहे. भारतातील महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या सिल्बरशाट्झ, कोर्थ व मुंबईच्या आयआयटीतील एस. सुदर्शन यांच्या पाठ्यपुस्तकातही इंडेक्सचे मूल्यमापन केवळ शोधाच्या वेळेवरून करण्यास सांगितलेले नाही. नोंद घालण्याचा वेळ, काढण्याचा वेळ व लागणारी जागा हे निकषही तेथे दिलेले आहेत. परीक्षेच्या तयारीत हे निकष पाठ होतात, व्यवहारात मात्र पुष्कळदा पहिल्या निकषावरच निर्णय घेतला जातो.

७. अंदाजांची परीक्षा

ऑप्टिमायझरचे अंदाज कितपत विश्वासार्ह असतात याची चिकित्सा २००० नंतर अधिक काटेकोरपणे होऊ लागली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत हरित्सा यांनी नवीन रेड्डी यांच्यासह २००५ मध्ये एक लक्षणीय अभ्यास सादर केला. निवडकता थोडी थोडी बदलत नेली तर ऑप्टिमायझर कोणते मार्ग निवडतो याचे रंगीत नकाशे त्यांनी तयार केले. काही नकाशे अत्यंत गुंतागुंतीचे निघाले. त्यांतील पुष्कळ मार्ग गाळले तरी खर्चात फारसा फरक पडत नाही, असेही दिसून आले. ऑप्टिमायझरची सूक्ष्म निवड अनेकदा तिच्या पायाखालील अंदाजांपेक्षा अधिक नेमकी असल्याचा आव आणते, असा याचा अर्थ घेता येईल.

म्युनिक येथील व्हिक्टर लाइस व सहकाऱ्यांचा २०१५ चा निबंध प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळ जातो. चित्रपटांविषयीच्या खऱ्या माहितीचे २१ तक्ते घेऊन त्यांवर ११३ क्वेरी चालविण्यात आल्या. अनेक तक्ते जोडताना नोंदींच्या संख्येचे अंदाज मोठ्या प्रमाणात चुकतात असे आढळले. इंडेक्सची संख्या वाढविल्यावर वेग सर्वसाधारणपणे सुधारला. परंतु निवडलेला मार्ग व शक्य असलेला सर्वोत्तम मार्ग यांतील अंतरही वाढले. याचे कारण असे की इंडेक्स जितके अधिक तितके मार्ग अधिक, आणि मार्ग जितके अधिक तितकी चुकीची वाट धरण्याची संधीही अधिक. नोंदी थोड्याच निघतील या चुकीच्या अंदाजावर इंडेक्सचा मार्ग निवडला गेला आणि प्रत्यक्षात त्या लाखोंनी निघाल्या, तर वर दिलेल्या जिल्ह्याच्या उदाहरणातील तोटा अनेक पटींनी वाढतो.

८. स्वयंचलित निर्णयाकडे

२०१८ मध्ये टिम क्रास्का व सहकाऱ्यांनी बी-ट्रीच्या जागी मूल्यांच्या वितरणावरून स्थान वर्तविणारी, यंत्राने शिकलेली प्रारूपे वापरता येतील असे मांडले. २०१९ मध्ये ओरॅकलच्या १९सी या आवृत्तीत स्वयंचलित इंडेक्सची सोय आली. तिच्यात नवा इंडेक्स आधी क्वेरींपासून दडवून ठेवला जातो, लाभ सिद्ध झाल्यावरच तो वापरात आणला जातो आणि दीर्घकाळ न वापरलेला इंडेक्स काढून टाकला जातो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्या अझुर सेवेतील लाखो डेटाबेसवर अशीच व्यवस्था राबविल्याचे विवेचन प्रसिद्ध केले. इंडेक्स केल्यावर वेग घटल्याचे आढळल्यास तो मागे घेण्याची तरतूद तिच्यात आहे.

या शेवटच्या तरतुदीला ऐतिहासिक महत्त्व आहे. सेलिंजर यांच्या पद्धतीत क्वेरी चालविण्यापूर्वीच हिशेब पूर्ण होत असे. येथे मात्र अंदाज चुकू शकतो हे गृहीत धरून प्रत्यक्ष अनुभवानंतर निर्णय तपासला जातो. चाळीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर यंत्रालाही 'करून पाहणे आणि मागे घेणे' या रीतीचा आधार घ्यावा लागला आहे.

निष्कर्ष

१) उपकारकता हा इंडेक्सचा अंगभूत गुण नाही. क्वेरी तक्त्याचा किती भाग मागते, नोंदी कोणत्या क्रमाने लावलेल्या आहेत आणि वाचन व लेखन यांचे प्रमाण काय आहे, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते.
२) थोड्या नोंदी शोधताना इंडेक्स लाभदायक असतो. विखुरलेल्या व मोठ्या प्रमाणातील नोंदी मागताना संपूर्ण तक्ता वाचणे अधिक स्वस्त पडते.
३) प्रत्येक इंडेक्सचा खर्च लेखनाच्या वेळी वसूल होतो. हा खर्च शोध घेणाऱ्याला दिसत नसल्यामुळे अनावश्यक इंडेक्स साचत जातात.
४) निर्णयाचा अधिकार प्रोग्रॅमरकडून ऑप्टिमायझरकडे, पुढे सल्ला देणाऱ्या साधनांकडे व शेवटी स्वयंचलित सेवांकडे सरकत गेला. तथापि सांख्यिकी ताजी ठेवणे व कामाचे खरे स्वरूप जाणणे या जबाबदाऱ्या पूर्णतः यंत्राकडे गेल्या नाहीत.
५) इंडेक्सची संख्या वाढविणे म्हणजे चुकीच्या निवडीची शक्यताही वाढविणे होय.

समारोप

निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी आपला आसनक्रमांक घेऊन एकाच तक्त्याकडे वळतात. त्या दिवशी आसनक्रमांकावरील एक इंडेक्स सर्वांचा वेळ वाचवितो. त्यापूर्वीच्या महिन्यात त्याच तक्त्यात दिवसरात्र गुण भरले जात असतात. त्या काळात जिल्हा, शाखा, लिंग, माध्यम अशा प्रत्येक स्तंभावर हौसेने केलेले इंडेक्स गुण भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम रेंगाळवितात आणि निकालाची तारीखही लांबवू शकतात. तक्ता तोच, यंत्र तेच. बदलतो तो कामाचा हंगाम. म्हणून गुण भरण्याच्या काळात कोणते इंडेक्स ठेवावेत व ते पूर्ण झाल्यावर कोणते उभारावेत, हे ठरविण्यासाठी परीक्षा विभागाचे वर्षभराचे वेळापत्रक ठाऊक असावे लागते. बायर-मॅक्क्राइट यांचा वृक्ष, सेलिंजर यांचा हिशेब आणि आजची स्वयंचलित साधने या सर्वांचे साहाय्य घेऊनही कोणाचा वेळ वाचवावयाचा आणि तो कोणाच्या वेळेतून वाचवावयाचा, हा प्रश्न त्या त्या संस्थेलाच सोडवावा लागतो. इंडेक्स तयार करण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातूनच लागावी, हे या इतिहासाच्या अध्ययनाचे व्यावहारिक फलित म्हणता येईल.